मोजणीअण्णा

गावात जुनं घर पाडायला काढलं की दोघं येतात, जेसीबी आणि अण्णा. बहुतेक वेळा अण्णा आधी. पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी आणि चेहरा मयताला आल्यासारखा. घरमालक "या अण्णा" म्हणून खुर्ची पुढे करतो. अण्णा बसत नाहीत. उंबऱ्याकडे बघत विचारतात, "ह्याच्या खालचा दगड काढला का?"

घरमालक सावध होतो. आवाज खाली आणून विचारतो, "का वं, काय हाय खाली?"

"ते उलटा केल्याशिवाय कसं कळणार?"

दगड उलटा केला जातो. खाली बहुधा गांडुळं निघतात. अण्णा गांडुळांकडेही क्षणभर आदराने बघतात, वहीत तारीख घालून 'निरंक' लिहितात आणि निघतात. घरमालकाची झोप मात्र उडते. अण्णांनी काहीतरी बघितलं आणि सांगितलं नाही, असं त्याच्या बायकोचं मत पडतं. रात्री बॅटरी घेऊन दोघं पुन्हा खणतात.

अण्णा भूमिअभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. गाव त्यांना मोजणीअण्णा म्हणतं. असा एक माणूस हल्ली प्रत्येक तालुक्यात निघतो. कुठे तो निवृत्त मास्तर असतो, कुठे पोस्टमन, कुठे औषधाच्या दुकानाचा मालक. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सहाला लोक गुलाबाची फुलं टाकतात, हा शेवाळलेला दगड टाकतो आणि खाली लिहितो, 'ओळखा.' कोणी ओळखत नाही. संध्याकाळी उत्तर तोच देतो, आणि त्या उत्तराला स्वतःच अंगठा दाखवतो. अशा माणसांत आमच्या अण्णांचं वेगळेपण एवढंच की त्यांना इतिहाससुद्धा सातबाऱ्याच्या भाषेत दिसतो. देऊळ कुठल्या काळातलं हे विचारलं तर ते म्हणतात, "मूळ कब्जेदार यादव. नंतर बरेच फेरफार झालेत."

हे वेड त्यांना नोकरीतच लागलं. माणदेशाकडच्या एका गावात दोन भावांच्या बांधाची मोजणी होती, हद्द कायम करायची. बांधाच्या मधोमध एक दगड अर्धा गाडलेला. थोरला म्हणे, हा आमच्या आज्यानं रोवला. धाकटा म्हणे, आज्यानं कसला, ह्यानंच परवा रात्री सरकवलाय. अण्णांनी साखळी टाकली, टिपणाशी ताळा घातला, काही जुळेना. शेवटी दगड उकरायला सांगितला. माती झाडली आणि खालून गायी निघाल्या. ओळीने चार गायी, त्यांच्यापुढे ढालतलवार घेतलेला एक माणूस, आणि पायाशी आडवा पडलेला तोच माणूस.

अण्णांनी आयुष्यात हजारो दगड बघितले होते, पण आपल्याकडे बघणारा दगड पहिलाच. ते म्हणाले, "हा वीरगळ आहे. पुरातत्त्वाचा विषय आहे."

'पुरातत्त्व' हा शब्द बांधावर पडायचा अवकाश, दोन्ही भावांचा सूर बदलला. आतापर्यंत दोघांनाही दगड आपल्या हद्दीचा पुरावा म्हणून हवा होता. आता थोरला म्हणाला, "साहेब, नीट बगितलं तर त्यो धाकल्याच्या रानात येतो." धाकटा म्हणाला, "छ्या, दादाचाच हाय, आज्यापास्नं." सरकारने दगड ताब्यात घेतला की शंभर मीटरच्या आत विहीरसुद्धा पाडू देत नाहीत, असं दोघांनीही कुठूनसं ऐकलं होतं. ती अट केंद्राच्या संरक्षित स्मारकांना असते, बांधावरच्या प्रत्येक दगडाला नाही, हे अण्णांनी परोपरीने सांगितलं. कायदा समजावून सांगणाऱ्या सरकारी माणसावर कोण विश्वास ठेवतो? त्या रात्री दोघं भाऊ कित्येक वर्षांनी एका पंगतीला जेवले, आणि सकाळी दगड ओढ्यात सापडला. दोघांनी मिळून ढकलला होता. भाऊबंदकी मिटवलेली ती अण्णांची एकमेव मोजणी.

निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या गावावर लक्ष केंद्रित केलं. मारुतीच्या देवळामागे एक दगड होता. गाव त्याला म्हसोबा समजून पिढ्यानपिढ्या शेंदूर लावत आलेलं. अण्णांनी देवाची, पुजाऱ्याची आणि सरपंचांची, अशा चढत्या क्रमाने परवानगी घेतली आणि शेंदराची कवचं काढली. तारेचा ब्रश नाही, ॲसिड नाही, नुसतं पाणी, बांबूची काडी आणि मऊ ब्रश. आठवडाभर अण्णा उकिडवे बसून होते. शेंदूर घमेलंभर निघाला आणि आतून वीर निघाला.

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड. तो खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खाली लढाई आणि मरण, गायी असतील तर गुरं पळवली गेली त्यावरून झालेली लढाई. त्यावरच्या चौकटीत त्याच माणसाला दोन्हीकडून अप्सरा धरून वर नेताना. त्यावर तोच शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, शेजारी पुजारी. डोक्यावर कळस, आणि कळसाच्या दोन बाजूंना चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती आहे. अण्णा या चौकटींना पोटहिस्से म्हणतात. "पोटहिस्सा एक, गायी. पोटहिस्सा दोन, अप्सरा." आमचा पोलीस पाटील ऐकत होता. तो म्हणाला, "अण्णा, दुसरा पोटहिस्सा कुनाच्या नावावर लागला म्हनायचा?"

अण्णांचं माप अजून साखळी-आण्यांत चालतं. तेहेतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांना किंचित वर. आमचा वीरगळ सव्वाचार फूट. अण्णांनी वहीत प्रामाणिकपणे नोंद केली, 'उंची दोन आणे.' ती ग्रामपंचायतीच्या शिपायाने वाचली आणि गावभर झालं की अण्णांनी एवढा शेंदूर खरवडला आणि आतून दोन आण्याचा वीर निघाला. खालच्या आळीत दोन दिवस तणाव होता.

त्यानंतर अण्णा मुलाकडे बोरिवलीला गेले. मुलाला वाटतं वडील नातवाला भेटायला येतात. वडील एकसरच्या वीरगळांना भेटायला येतात. बोरिवलीत, इमारतींच्या गर्दीत, माणसाहून उंच दगड उभे आहेत आणि त्यांवर चक्क आरमाराची लढाई आहे, वल्ह्यांच्या रांगा, एकमेकींवर चालून येणारी गलबतं. शिलाहारांचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्या तेराव्या शतकातल्या झुंजीशी त्यांचा संबंध जोडतात. अण्णा नातवाला कडेवर घेऊन त्या नावांमधली वल्ही मोजत बसतात. नातू मॉलमध्ये न्या म्हणून रडतो. मुंबईत अण्णांचं दुसरं ठिकाण म्हणजे सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजून रोवलेले इंग्रजांचे मैलाचे दगड. त्यांतले काही फुटपाथमध्ये गळ्यापर्यंत गाडले गेलेत. अण्णा अशा दगडासमोर उभे राहून "मोजणी चोख आहे हं" असं खात्याच्या अभिमानाने म्हणतात. इंग्रज निघून गेले, पण हद्द सोडून गेले नाहीत, हे अण्णांचं इंग्रजांबद्दलचं एकूण मत.

अण्णा बोरिवलीहून परतले तोवर आमच्या तरुण मंडळाने वीरगळाला ऑइलपेंट दिला होता. हेतू चांगलाच होता. वीर गुलाबी, मिशा काळ्याभोर, अप्सरांना हिरव्या साड्या, ब्लाउज मॅचिंग. गायी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या, कारण रंगवणाऱ्या पोराच्या गोठ्यात होल्स्टीन आहेत. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, यादवांच्या काळात संकरित गाय कुठली?" पोरगं म्हणालं, "अण्णा, आता लोक वळकतात तरी. आदी निस्तं दगूड होतं."

ऑइलपेंट काढायला शेंदरापेक्षा जास्त दिवस लागले.

घरात काकींची तऱ्हा वेगळी. कपडे धुवायचा दगड अण्णांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी उलटा करून बघितला, तेव्हाच त्या समजून चुकल्या. पुढे पाटा झाला, जातं झालं, तुळशी वृंदावनाचा पाया झाला. शिलालेखाची अक्षरं उठून दिसावीत म्हणून अण्णा त्यावर पावडर चोळतात, तीही काकींचीच. जाणकार म्हणतात अशी पावडर चोळू नये, तिरपा उजेड पाडून वाचावं. अण्णांना ते मान्य आहे, फक्त डबा हाताशी असला की धीर निघत नाही. त्यामुळे आमच्या पंचक्रोशीतल्या जुन्या देवळांना गुलाबाचा वास येतो. काकी म्हणतात, "माझ्या तोंडाला कधी लावली न्हाई एवढी पावडर ह्यांनी त्या दगडांच्या तोंडाला लावली."

अण्णांच्या सर्वात जिव्हाळ्याचा दगड मात्र आमच्या गावात नाही. तो अलिबागजवळ आक्षीला आहे. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा तो लेख मराठीतला सर्वात जुना, असं काही अभ्यासक मानतात. श्रवणबेळगोळचा लेख आधीचा म्हणणारे ते मानत नाहीत, आणि अण्णांनी त्या वादात कधीच बाजू घेतली आहे. पण त्यांचा जीव जडलाय तो भाषेपेक्षा दगडाच्या प्रकारावर. गधेगाळ. राजाने जमीन दान दिली की असा दगड रोवायचे. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर, आणि जो कोणी हे दान मोडेल त्याच्या आईचं गाढवाकडून काय होईल त्याचं खाली शिल्प. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. अतिक्रमणावर इतकी स्पष्ट तरतूद नंतरच्या एकाही कायद्यात आली नाही, असं अण्णा निवृत्त अधिकाऱ्याच्या खिन्नतेने सांगतात.

एकदा हायस्कुलाची सहल अलिबागला गेली, नववीचा वर्ग, सोबत मार्गदर्शक म्हणून अण्णा. बाईंना ते कुठला दगड दाखवणार याची कल्पना नव्हती. अण्णांनी शके सांगितलं, शिलाहार सांगितले, सूर्यचंद्र सांगितले. मग एका मुलीने विचारलं, "आजोबा, ह्या दगडावर खाली गाढव का असतं?" शांतता. बाई समुद्राकडे बघू लागल्या. अण्णा घसा साफ करून म्हणाले, "अतिक्रमणधारकाच्या मातोश्रींवर दंडात्मक कारवाई." मुली वहीत लिहून घेऊ लागल्या. परतीच्या गाडीत मागच्या बाकावरची पोरं हसून हसून खाली पडत होती. दोन महिने शाळेत कोणी कोणाचं दप्तर सरकवलं की 'दंडात्मक कारवाई करीन' अशी धमकी मिळायची.

आमच्या वीरगळाशेजारी एक छोटा दगड आहे. त्यावर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला एकच हात आहे, वर चंद्र-सूर्य. सतीशिळा. गावच्या बाया येता-जाता त्याला हळदकुंकू लावतात. अण्णा त्यावर पाटी लावायच्या विचारात होते, पण पाटी काय लिहायची इथे त्यांच्यातला सरकारी माणूस जागा झाला. १८२९ साली बेंटिंकने सतीची चाल बंद केली, आणि १९८७ च्या कायद्याने तिचं उदात्तीकरण करणंसुद्धा गुन्हा ठरवलं. अण्णांनी मसुदा केला, 'सतीशिळा. अंदाजे बारावे-तेरावे शतक. उदात्तीकरण करू नये.' तो त्यांनी देवळात मोठ्याने वाचून दाखवला. खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी ऐकत होती. ती म्हणाली, "लिव्हा की. पर ती बया आपल्या पायानं गेली का ढकलली, तेबी लिव्हा."

अण्णा म्हणाले, "ते दगडावर नाही, आजी."

"मग काय कामाचा तुमचा दगूड?"

अण्णांनी तो मसुदा पिशवीत घातला तो अजून बाहेर काढलेला नाही. तेवढ्या एका दगडाबद्दल ते व्हॉट्सॲपवर 'ओळखा' म्हणत नाहीत.

वीरगळाच्या पाटीचं मात्र त्यांनी मनावर घेतलं. पुतण्याने लंडनहून फोटो पाठवला होता, लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये मेडा व्हेलच्या हाउली प्लेसमधल्या ज्या दहा नंबरच्या घरात राहिले, त्यावरच्या निळ्या फलकाचा. अण्णांनी तो छापून प्लास्टिकमध्ये घालून खिशात ठेवला. कोणी भेटलं की दाखवायचे. "बघा. नाव. जन्ममृत्यूची सालं. कोण होते ते दोन शब्दांत. कधी राहिले ते. संपलं. उद्घाटन कुणाच्या हस्ते, ते नाही." ऐकणारा म्हणायचा, "म्हंजी उद्घाटनच न्हाई झालं?"

ग्रामसभेत विषय निघाला. आमच्या ग्रामसभेला कोरम भरत नाही म्हणून ती नेहमी तहकूब होते, पण त्या दिवशी ओटा पुरला नाही. प्रश्न होता, वीर कुणाचा. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. कर्नाटकात दगडांवर लेख असतात, अमक्याचा मुलगा तमका अमुक लढाईत पडला, आणि त्यामुळे तिकडच्या संशोधकांचं बरं चाललंय असं अण्णांना वाटतं. आपल्याकडे पराक्रम कोरला आणि नाव कोरायचं राहिलं. वरची आळी म्हणाली, वीर आमचा, आमच्या घरात अजून तलवार आहे. खालची आळी म्हणाली, तलवार तुमच्याकडे असंल, पर मिशा बगा, आमच्या आज्याच्या हायत. ऑइलपेंटच्या मिशा लोकांच्या डोक्यातून गेल्या नव्हत्या.

मग वरच्या आळीतल्या एकाने पडतं घेतलं. "बरं, तुमचा असू द्या. पर त्यो गाई सोडवताना मेला का चोरताना?"

ओट्यावर एकदम गलका झाला. अण्णा टेबलावर थाप मारून सांगत होते की चोराचा वीरगळ कोणी उभा करत नाही, राखणाऱ्याचा करतात. कोणी ऐकेना. तेवढ्यात शेजारच्या गावचा एक पाव्हणा मागून उठला आणि म्हणाला, "गाई आमच्या गावच्या होत्या. पयल्यापास्नं ऐकतोय आमी." ग्रामसेवकाने इतिवृत्तात लिहिलं, 'विषय क्र. ७ वर सविस्तर चर्चा झाली.'

अण्णा घरी जाताना माझ्याशी बोलले ते वडूजबद्दल. वडूजच्या हुतात्मा स्मारकात गेले की ते चपला बाहेर काढतात. ९ सप्टेंबर १९४२, परशुराम घार्गे यांच्यासह तहसील कचेरीवर मोर्चा गेला, पोलिसांनी गोळ्या घातल्या, नऊ माणसं पडली. नवाची नऊ नावं माहीत आहेत. "रेकॉर्ड असं पाहिजे," अण्णा म्हणाले. "क्षेत्र पूर्ण, नाव पूर्ण, वाद शून्य."

याच्या बरोबर उलटं रेकॉर्ड आमच्या चावडीत आहे. भिंतीत एक संगमरवरी तुकडा बसवलाय. गाव समजत होतं, चावडी बांधणाऱ्या ठेकेदाराची पाटी असणार. अण्णांनी डिस्टेंपरचे थर नाण्याने खरवडले तेव्हा इंग्रजी अक्षरं निघाली. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने साताऱ्याकडच्या गावोगावी अशा पाट्या बसवल्या. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला या गावातून इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, नाव एकही नाही. आमच्याकडे अजूनही काही घरांत पणजोबा 'बसऱ्याला गेला' एवढंच सांगतात. मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सहावी पुणे डिव्हिजन अडकली, तीत मराठा पलटणी होत्या. घोडी कापून खायची वेळ आली आणि २९ एप्रिल १९१६ ला सगळे शरण गेले. बसऱ्याला मोठं स्मारक आहे, तिथे चाळीस हजारांवर माणसांची आठवण राखली आहे, पण हिंदी शिपायांची नावं तिथल्या भिंतीवर कोरली नाहीत, पलटणीपुढे फक्त आकडा. म्हणजे बसऱ्यात आकडा आणि चावडीतही आकडा. मधल्या मध्ये माणसं गहाळ.

त्यातून आमच्या चावडीत किती गेले तो आकडा दिसतो. किती मेले त्यावर स्विचबोर्ड बसवलाय.

अण्णांनी तो हलवायचा अर्ज केला. ग्रामसेवक म्हणाला, वीज कंपनीचं काम आहे. वीज कंपनी म्हणाली, मीटरनंतरची वायरिंग ग्राहकाची. ग्राहक म्हणजे ग्रामपंचायत. ग्रामपंचायतीने ठराव केला की निधी उपलब्ध झाल्यावर विचार व्हावा. अण्णांना याचं वाईट वाटलं नाही, उलट घरच्यासारखं वाटलं. आयुष्यभर त्यांनीच लोकांना अशी उत्तरं दिली होती. ते चावडीत जायचे, बटणांच्या मधल्या फटीत बॅटरी मारायचे आणि परत यायचे.

मध्येच निधी आला, पण तो वीरगळाला. पाटीला नव्हे, सुशोभीकरणाला. ठेकेदाराने तीन दिवसांत देवळामागची जागा सपाट केली, मुरूम टाकला, वर लाल-पिवळे पेव्हिंग ब्लॉक बसवले, स्टीलचं कुंपण घातलं आणि ग्रॅनाइटची पाटी लावली. पाटीवर कामाचे नाव, 'वीरगळ परिसर सुशोभीकरण करणे.' मग योजना, अंदाजपत्रकीय रक्कम, शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, अध्यक्षस्थान, सर्व सन्माननीय सदस्य, ठेकेदार. सगळ्यात खाली, दोष दायित्व कालावधी तीन वर्षे. दगड सातशे-आठशे वर्षं विनातक्रार उभा आहे. आता तीन वर्षांची हमी मिळाली.

अण्णा टेप घेऊन गेले तर वीरगळ दीड आणा भरला. मुरूम आणि ब्लॉक यांनी जमीन फूटभर वर आली होती आणि सगळ्यात खालची चौकट गडप झाली होती. गायीच राहिल्या नव्हत्या. गावाला हे फार आवडलं. सोडवताना की चोरताना, हा वादच संपला. आता वीर आकाशातून आला आणि अप्सरांबरोबर परत गेला एवढंच दिसतं. अण्णांनी ठेकेदाराला गाठून निदान चार ओळी ब्लॉक उचलायला सांगितलं. तो पाटीकडे बोट करून म्हणाला, "दोष दायित्वात हे बसत न्हाई, अण्णा. ब्लॉक उखडलं असतं तर बसलं असतं."

उद्घाटनाला तरुण मंडळाने फ्लेक्स लावला. 'गावचे आद्य वीर यांना कोटी कोटी प्रणाम.' मधोमध वीराचा फोटो. दगडावरचा चेहरा झिजलाय म्हणून पोरांनी नेटवरून एक काढला होता. कुठल्याशा दाक्षिणात्य सिनेमातला होता, मिशा मात्र जोरदार. अण्णांनी सवयीने टेप लावला. फ्लेक्स साडेपाच आणे भरला.

"पुण्यतिथी आजचीच धरायची का?" मंडळाच्या अध्यक्षाने विचारलं. "म्हंजी दरसाल करता यील."

अण्णा म्हणाले, "पुण्यतिथी माहीत नाही रे."

"मग आजचीच बेस. साहेबांना आज येळ हाय, पुढच्या वर्षीबी आसंल."

फ्लेक्सवर चार हॅलोजन, वीरगळावर दोन, वर डीजे, आणि या सगळ्याची लाइन चावडीतून ओढलेली. साहेबांनी फीत कापली, डीजेवाल्याने आवाज वाढवला आणि चावडीत फाट् झालं. सगळा अंधार. वायरमन धावला, अण्णाही धावले, त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने. स्विचबोर्ड जळून काळा ठिक्कर पडला होता. वायरमनने स्क्रू काढले, बोर्ड उचकटून खाली टाकला आणि अण्णांनी बॅटरी मारली.

आकडा होता. पण बोर्ड बसवताना कुणीतरी नेमका त्यातच स्क्रू मारला होता. आकड्याची डावी बाजू उडालेली. इंग्रजी तीन असेल, नाहीतर इंग्रजी आठ असेल.

अंधारात हळूहळू माणसं जमली. वरच्या आळीतला कोणी म्हणाला आठ, आमच्याच घरातले दोन होते. खालच्या आळीतला म्हणाला, तुमच्यातलं गेलं असतील, पर आलं न्हवं का म्हागारी? अण्णांनी काडी घेतली, मऊ ब्रश काढला, काकींच्या पावडरीचा डबाही काढला आणि पुन्हा पिशवीत टाकला. बॅटरी तिरपी धरून दोन्ही कडांनी बघितलं. मग वहीत लिहू लागले. मी वाकून वाचलं. 'मयत : तीन निर्विवाद. पाच वादग्रस्त.'

"अण्णा, सरका बगू," वायरमन नवा बोर्ड हातात घेऊन उभा होता. "तिकडं साहेब अंधारात हायत."

"तीन बोटं डावीकडे लाव. मी खूण करून देतो."

"डावीकडं पाइप हाय."

"मग उजवीकडे."

"उजवीकडं पयला आकडा हाय, त्यो झाकंल." वायरमनने तोंडातला स्क्रू हातात घेतला. "तीन काय आन् आठ काय, अण्णा, सप्लाय चालू करू का नको तेवडं सांगा."